ऊसतोडीच्या फोल्डरला चूलबंद आवतन

माझ्या जुन्या कामाच्या वहीतली नोंद, २३ नोव्हेंबर १९९९. काम : सर्व्हरवरच्या सामाईक फोल्डरमधून नको ती माणसं काढणे.

ती आत आली कशी, हे सांगायचं तर आमच्या साखर कारखान्याच्या हेडक्लार्कांबद्दल सांगायला हवं. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. कुणी काही मागितलं की ते चष्मा कपाळावर सरकवायचे आणि म्हणायचे, "एकट्याला कसं? सगळ्यांनाच देऊ की."

तुमच्याही कचेरीत असा एक असेल. अण्णा लिंबागणेश गावचे. त्यांच्या घरी कार्य असलं की आवतन चूलबंद; म्हणजे त्या दिवशी तुमच्या घरी चूल पेटवायची नाही, झाडून सगळ्यांनी जेवायला यायचं. हाच कायदा त्यांनी संगणकाला लावला. कोणतं फोल्डर कुणाला उघडेल, हे ठरवायचा अधिकार त्यांना आणि संगणक सांभाळणारी म्हणून मला, दोघांनाच होता. वजनकाट्यावरच्या एका कारकुनाला तोडणीचा कार्यक्रम, म्हणजे कुणाचा ऊस कधी तोडायचा ते, बघायचं होतं. अण्णांनी वजनकाट्याचा अख्खा गट आत घेतला. मग हिशेबवाले रुसले. त्यांचाही गट आत. मग गॅरेज.

"अण्णा, निदान नुसतं बघायला द्या. बदलायची परवानगी कशाला?"

"ताई, पंगतीला बसवायचं आन् ताटाला हात लावू नका म्हणायचं? लई वाईट दिसतं."

लोकांनी ताटाला हात लावला. कुणी सासऱ्याचा, कुणी साडूचा ऊस वर सरकवला. हंगामाच्या पहिल्या सकाळी तोडणीच्या सगळ्या टोळ्या एकाच गावात उतरल्या, कारण आमचा निम्मा स्टाफ त्या गावचा जावई होता. बाकी गावांचे शेतकरी दुपारी गेटवर.

कार्यकारी संचालकांनी मला बोलावलं. "उद्या परत असं झालं, तर हेडक्लार्कला साखरेच्या गोदामात बसवीन." अण्णांना दमा होता. गोदामातली धूळ त्यांना झेपली नसती.

संध्याकाळी मी मूळ क्रम परत चढवला आणि एकेक गट काढायला बसले. अण्णा शेजारी खुर्ची ओढून हळहळत होते. "ह्याच्या पोरीच्या लग्नात जेवलोय मी." शेवटी दोनच नावं उरली, त्यांचं आणि माझं.

"मलाबी काढा."

"कावून?" मी त्यांच्याच बोलीत कारण विचारलं.

"सकाळी व्याही येणार हायती. त्यांना न्हाई म्हणायला माझी जीभ उचलत न्हाई. माझ्या हातातच नसलं म्हंजी बरं."

मी काढलं. अण्णा जाऊन आता बरीच वर्षं झाली. अधिकार मागायला माझ्याकडे पुष्कळ जण आले. काढून घ्या म्हणणारे ते एकटेच.

सकाळी व्याही आले. अण्णांनी त्यांच्यासमोर दोनदा फोल्डर उघडायचा प्रयत्न करून दाखवला. "बघा, मलाच आत घेईना. आता सगळं ताईंच्या हातात."

व्याही माझ्याकडे वळले. "ताई, आमचं तेवढं वर घ्या की."

मी नाही म्हणाले. अण्णांनी एकदम मोकळ्या आवाजात तीन चहा सांगितले. व्याह्यांनी रागानं आपला कप सरकवला आणि ते उठून गेले. मी तोही प्याले.