फाटकातला माणूस

आपल्या गेममध्ये एक माणूस उभा आहे, हे कवळीताईला पहिल्यांदा कळलं ते फोनवरून. तेही भांडणाच्या सुरात.

"चिमे, मनात होतं तर तोंडावर बोलायचं," दादा म्हणाला. "असं टीव्हीवर कशाला काढलंस मला?"

चिमी म्हणजे कवळीताईच. तिचं घरातलं नाव. बाहेर सगळे कवळीताई म्हणत, कारण दातांच्या डॉक्टरांना कवळ्या बनवून देणाऱ्या एका लहानशा कारखान्यात ती वर्षानुवर्षं काम करत होती. मेण वितळवायचं, गुलाबी हिरडी रचायची, त्यात एकेक दात बसवायचा आणि कुठे टोचणार तर नाही ना, हे बोटाने चाचपत राहायचं. लोकांच्या तोंडात जाणारं काम. तिथे चालढकल चालत नाही.

पण तिचा जीव अडकला होता भलत्याच ठिकाणी. ती आणि दादा लहानपणी टीव्हीला एक डबा जोडून त्यावर व्हिडिओ गेम खेळायचे. तो डबा बनवणं कंपनीने कधीच बंद केलं होतं. तरी त्याच्यासाठी नवे गेम लिहिणारी हौशी माणसं अजून होती, आणि कवळीताई त्यांच्यातली एक. लहानपणचा डबा दादा नोकरीनिमित्त दुसऱ्या गावी गेला तेव्हा सोबत घेऊन गेला. हिने जुन्या बाजारातून दुसरा आणला आणि रोज सकाळी कामावर जायच्या आधी त्याच्यासमोर बसू लागली.

आई म्हणायची, "जग पुढे चाललंय आणि आमची बाई उलट्या पावली. एवढं डोकं आहे तर मोबाईलवरचं काहीतरी कर."

"मोबाईलवर जागाच जागा असते गं. मजा काय त्यात?"

खरंच, डब्यात जागा इतकी कमी की एक साधा फोटोही मावायचा नाही. एक चित्र घालायचं तर दुसरं काढायचं. कवळीताईला हे दात बसवण्यासारखंच वाटायचं. जबडा जेवढा तेवढाच, तो काही आपल्यासाठी ताणून मिळत नाही.

या वेळचा गेम साधा होता. एक म्हातारी अंगण झाडते, वारा पुन्हा पानं आणून टाकतो. सगळी पानं फाटकाबाहेर गेली की पुढचं अंगण, थोडं मोठं. हौशी मंडळींच्या गटाने त्याच्या थोड्या कॅसेट बनवून घेतल्या, वर छानसं लेबल लावलं. एक तिने कौतुकाने दादाला पाठवली. दादा म्हणजे लहानपणीचा पट्टीचा खेळाडू.

आणि त्या दादाचा हा असा फोन.

"कोणता माणूस?" कवळीताई म्हणाली. "अरे, त्यात म्हातारी आहे, पानं आहेत, झाडू आहे. माणूस नाहीच आहे."

"फाटकात उभा आहे तो! आत येत नाही, बाहेर जात नाही. बिचारी म्हातारी झाडतेय आणि हा ढिम्म. मी काय दूधखुळा आहे?"

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. दादा अधूनमधून आईला भेटायला यायचा, पण गाडी चालूच ठेवून. फाटकावरून पिशवी आत द्यायचा, "बरी आहेस ना?" विचारायचा आणि गाडी चुकीच्या जागी लावलीये म्हणून निघायचा. कवळीताईला ते लागायचं, पण ती कधी बोलली नव्हती. गेममध्ये तर मुळीच नाही. तिने फोन ठेवला, डबा लावला आणि सगळी अंगणं पालथी घातली. फाटक रिकामं.

आईने विचारलं, "काय म्हणत होता?"

"त्याला माणूस दिसतोय."

"मग बरं आहे की. मला तर तुझ्या त्या खेळात पानंच दिसतात, संपता संपत नाहीत."

कवळीताईला वाटलं, दादाच्या डोक्यावर परिणाम झालाय. पण मग गटातल्या एका बेकरीवाल्याचा फोन आला. गेम सुरेख झालाय, म्हणाला, आणि तो फाटकातला माणूस म्हणजे कळसच. तो काही करत नाही, हेच खूप बोलतं! दुसऱ्या एका बाईने मात्र छातीठोकपणे सांगितलं, माणूसबिणूस काही नाही, तुम्ही सगळे भांग पिऊन खेळता. गटाचे सरळ दोन तट पडले. ज्यांना माणूस दिसत होता ते विचारू लागले, तो कोण? मुलगा? नवरा? आणि कवळीताई, जिने हे सगळं अंगण टिंब टिंब जोडून रचलं होतं, तिलाच उत्तर माहीत नव्हतं. ज्याचं लग्न त्यालाच मुलगी ठाऊक नाही, अशी गत.

शेवटी सुट्टीच्या दिवशी ती बस धरून दादाकडे गेली. वहिनीने दार उघडलं आणि दबक्या आवाजात म्हणाली, "फुगून बसलेत. पण एक सांगू? पोट अगदी हुबेहूब काढलंयस हं."

दादाने लहानपणचा डबा चालू केला. अंगण आलं, म्हातारी आली. आणि फाटकात, खरोखरच, कोणीतरी उभं होतं.

कवळीताई टीव्हीजवळ सरकली. झाडूचा तुकडा, त्याच्यावर एक पान, मध्ये आडवी दोन पानं. तिला एवढंच दिसलं. मागे सरकली, तर माणूस. पुन्हा पुढे गेली, तर पानं.

मग हळूहळू तिच्या ध्यानात आलं. डबा चालू होताना त्याच्या आठवणीच्या पाटीवर, म्हणजे मेमरीत, काहीही खरडलेलं असू शकतं. ती आधी पुसून घ्यायची असते. तिने पुसली होती, एक कोपरा सोडून. तिच्या डब्यात तो कोपरा आपोआप कोरा यायचा. दादाच्या डब्यात तिथे कचरा होता, आणि त्या कचऱ्यामुळे गेम फाटकात काहीबाही काढत होता.

"पण फाटकातच का?" दादाने विचारलं. "छपरावर का नाही?"

कवळीताई अडखळली. "तिथे आधी एक कुत्रा ठेवणार होते मी. जागा पुरेना म्हणून त्याचं चित्र काढून टाकलं. त्याची उभं राहायची जागा तेवढी पुसायची राहिली."

"म्हणजे आता मी कुत्रा?"

"अरे तू नाहीसच त्यात! कोणीच नाही!"

"यंत्राला काय ठाऊक, मी फाटकात उभा राहतो ते?"

वहिनी हसू दाबत स्वयंपाकघरात गेली. कवळीताईने पुन्हा सगळं समजावलं, पाटी, कचरा, कोपरा. दादा ऐकत होता, पण नजर टीव्हीवर. मग अचानक म्हणाला, "मी आत येत नाही, कारण आई उठायला जाते. तिला असं धडपडत उठताना बघवत नाही मला. बस."

 कवळीताई आली होती तो गेममधला माणूस बघायला. हे कुठून निघालं? तिने बसची वेळ झाल्याचं सांगितलं आणि निघाली.

घरी येऊन तिने तो कोपरा पुसला. चूक माहीत असताना ती तशीच सोडायची, म्हणजे टोचणारी कवळी गिऱ्हाइकाच्या हाती देण्यासारखं. बेकरीवाला फार हळहळला, म्हणाला, तुम्ही गेमचा आत्माच काढताय. ती म्हणाली, आत्मा नव्हता, कचरा होता. त्याला वाटलं, ताईंचा विनय. नव्या कॅसेट आल्या. एक दादाला गेली.

त्याच आठवड्यात त्याचा फोन. आवाज पडलेला.

"काढून टाकलंस मला?"

कवळीताईने कपाळाला हात लावला. ठेवला तर टोमणा, काढला तर अपमान! "दादा, तुला नक्की हवंय तरी काय?"

"मला काय माहीत," तो म्हणाला, आणि हे मात्र अगदी खरं वाटलं.

पुढच्या सुट्टीला तो आला. गाडी गल्लीच्या टोकाला लावून चालत आला आणि थेट आईच्या खोलीत गेला. आई उठायला लागली तेव्हा त्याने खिडकीबाहेर बघितलं, पण थांबला. दुपारभर बसला. त्यानंतर महिन्यातून एखादी खेप तरी होऊ लागली. कधी आत, कधी पुन्हा फाटकातूनच परत. कवळीताईने एकदा धीर करून विचारलं, "तू त्या गेममुळे येतोस का रे?"

"कुठल्या गेममुळे?" दादा म्हणाला. तो थट्टा करतोय की खरंच विसरलाय, हे त्याच्या चेहऱ्यावरून तिला कळेना. आईला विचारलं, तर आई म्हणाली, "मला विचारू नकोस बाई, तुम्ही दोघं लहानपणापासून काय बोलता ते मला कधीच समजलेलं नाही. चहा टाक."

कवळीताई चहा टाकायला उठली.