उमेदवाराने न पाहिलेलं पत्र

आमच्या लॅबमध्ये सगळ्यांना बाहेर जायचं होतं. जर्मनी, हॉलंड, अमेरिका, काहीही चालेल, पण बाहेर. इथली गत सगळ्यांना दिसत होती. परदेशातून मागवलेलं रसायन कस्टम्समध्ये पडून खराब व्हायचं, मशीन बिघडलं की दुरुस्तीवाला पुढच्या महिन्यात यायचा, आणि पीएचडी झाल्यावरही नातेवाईक विचारायचे, "मग नोकरी कधी?"

मी खाडीतल्या जीवाणूंवर काम करायचे. कारखान्यांचं तेलकट पाणी खाडीत येतं आणि काही जीवाणू ते तेल खाऊन जगतात. सगळे त्यांना पाण्यात शोधत होते. मला वाटलं, काठावरच्या तिवरांच्या झाडांच्या मुळांशी बघावं. सर, म्हणजे माझे गाइड, म्हणाले, "वेळ घालवू नकोस." मी त्यांना न सांगता ओहोटीच्या वेळी गुडघाभर चिखलात उतरले, नमुने आणले, आणि माझा अख्खा प्रबंध त्या चिखलातून निघाला. पेपर छापून आला तेव्हा सर पाहुण्यांना सांगत होते, "मी आधीपासून म्हणत होतो, तिवरांकडे बघा." मी बाजूला उभी राहून चहा दिला.

मग जर्मनीतल्या एका संस्थेत दोन वर्षांची जागा निघाली. जागा एकच, आणि पीएचडीनंतर तीन वर्षांच्या आतच अर्ज करायचा अशी अट. पीएचडी होऊन माझं तिसरं वर्ष चालू होतं. हे हुकलं की संपलं. माझ्या ज्युनियरनेही अर्ज करायचं ठरवलं. दोघांनाही सरांचं शिफारसपत्र लागणार होतं.

आपल्याकडे शिफारसपत्र मागायला गेलं की गाइड म्हणतो, "तूच लिहून आण, मी सही करतो." याचं कुणाला काही वाटत नाही. आमचे सर त्याच्याही पुढचे. "तुझं इंग्रजी बरं आहे, त्याचंही तूच लिहून टाक," म्हणत त्यांनी दोन्ही पत्रं माझ्याच गळ्यात मारली.

ज्युनियरचं पत्र अर्ध्या तासात झालं. दुसऱ्याचं कौतुक करायला आपलं काय जातं? हा मुलगा सांगितलेलं मुकाट्याने करत नाही, असं मी लिहिलं. तो वाद घालतो, आणि एकदा सगळ्यांसमोर त्याने सीनियरच्या प्रयोगातली चूक दाखवली. खरंच दाखवली होती. ती सीनियर मीच.

माझ्या पत्राशी मात्र गाडी अडली. सरांच्या तोंडून सरांचं न ऐकल्याचं कसं लिहायचं? 'मी नको म्हटलं तरी ही गेली आणि हिचंच बरोबर निघालं,' हे सर कशाला लिहितील? शिवाय आपली आरती आपणच ओवाळायची नाही, हे आमच्या घरचं बाळकडू. शेवटी खांदेश्वरला घरी आल्यावर बाबांना विचारलं. बाबा बेलापूरच्या एका सरकारी कार्यालयातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. कर्मचाऱ्यांचे गोपनीय अहवाल त्यांच्या हातून जायचे.

"बाबा, चांगल्या माणसाबद्दल काय लिहितात?"

"कष्टाळू, प्रामाणिक, आज्ञाधारक," ते ताबडतोब म्हणाले. "सायबानं येवढं लिवलं की झालं बघ. माझ्याबद्दल 'आज्ञाधारक' लिवायला सायबाला बावीस वर्षं लागली."

मी तिन्ही शब्द इंग्रजीत घातले. तिवरांचं काम 'माझ्या मार्गदर्शनाखाली' झालं, असं लिहिलं. दोन्ही पत्रं सरांच्या टेबलावर ठेवली. दुसऱ्या दिवशी दोन्हींवर सही होती, एक अक्षरही बदललेलं नव्हतं. मग सरांच्याच पासवर्डने मी ती वेबसाइटवर चढवली. तिथे एक चौकट होती: 'हे पत्र उमेदवाराने पाहिलेलं नाही.' तिच्यात बरोबरची खूण मीच केली.

ज्युनियर गेला. जाण्याआधी पेढे देऊन माझ्या पाया पडला, बिचाऱ्याला काही माहीत नव्हतं. मला संस्थेची मेल आली. पत्रावरून तुम्ही चोख सहायक आहात हे दिसतं, पण आम्हाला स्वतःचे प्रश्न घेऊन येणारी व्यक्ती हवी आहे. मी ती मेल वाचली आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा मारून घेतल्यावर ओरडायचं तरी कुणावर?

"पत्रात काय कमी पडलं का?" बाबांनी विचारलं.

"नाही. जागाच एक होती," मी म्हणाले.

आता मी ऐरोलीत एका कंपनीत बसून परदेशातल्या औषध-चाचण्यांचे अहवाल तपासते. पाचव्या मजल्यावरून खाडी दिसते. इतके दिवस मी एकच समजूत धरून होते की सरांनी माझं पत्र वाचलंच नसणार. वाचलं असतं तर एखादं वाक्य त्यांनी घातलंच असतं. न वाचता सह्या करणारे खूप असतात. म्हणून त्यांना मनातल्या मनात माफही करून टाकलं होतं.

गेल्या महिन्यात एका कागदावर त्यांची सही हवी होती म्हणून गेले. ज्युनियरचं जर्मनीत कसं छान चाललंय ते त्यांनी सांगितलं. निघता निघता मी विचारलंच, "सर, तेव्हा माझं शिफारसपत्र तुम्ही वाचलं होतं?"

"म्हणजे काय! दोन्ही वाचली," सर म्हणाले. "त्याच्यात जरा जास्तच कौतुक झालं होतं, पण म्हटलं असू दे. तुझं मात्र अगदी बरोबर उतरलं होतं. बदलण्यासारखं काही नव्हतं."