खंडेनवमीला काढलेलं चाक

आश्विन शुद्ध नवमी. काम: गाडीच्या मागच्या डाव्या चाकाचं बेअरिंग बदलणे.

आठवडाभर गाडी चालताना मागून घूं-घूं घुमत होती. जॅकवर घेऊन चाक हलवलं तर खुळखुळलं. बेअरिंग मी अंबडहून आणून ठेवलं होतं, पण गॅरेजवाला आज-उद्या करत राहिला आणि खंडेनवमी उजाडली. त्या दिवशी आमच्याकडे गॅरेजं बंद. पाने, हातोड्या धुऊन पूजेला मांडतात, मग दिवसभर कोणी त्यांना हात लावत नाही. भाड्याच्या जीपा सगळ्या रेणुकाईच्या दर्शनाला गेलेल्या. दसऱ्यालाही एक रिकामी नव्हती.

आणि दसऱ्याला सकाळीच जालन्यात माझ्या आईचं डायलिसिस होतं. ती माझ्याकडेच राहते. पोळ्याला सणापायी डायलिसिसची एक खेप चुकवली, तर तिला आडवं पडता येईना. बसूनच श्वास ओढायची. नवरा म्हणाला, या वेळी एक दिवस पुढं ढकलून बघू. मी म्हटलं, पोळ्याला बघितलं की.

आमची अवजारं तुळशीपुढं पाटावर होती, हळदकुंकू लावलेली. मी झेंडूची फुलं बाजूला केली आणि पाना उचलला. सासूबाई ओट्यावरच बसल्या होत्या.

"आज लोखंडाला इसावा असतो. बाधलं मंग?"

"माझ्यावर येऊ द्या, आत्याबाई."

बाकीच्या चाकांना दगड लावले. नट सैल केले, मग गाडी उचलून चाक काढलं. आतला ब्रेकचा ड्रम निघेना. कडेनं ठोकत ठोकत फिरले तेव्हा कुठं सुटला. आतलं ग्रीस वाळून खरवडीसारखं झालेलं. शेजारीण भिंतीवरून बघून म्हणाली, "वैनी, आज तर विळीलाबी हात लावत न्हाईत."

"मंग सकाळची भाजी दातानं तोडली का?"

ती हसली आणि तिथंच उभी राहिली.

नव्या बेअरिंगवर थेट हातोडी घालायची नसते. ड्रममधून काढलेलं जुनं त्यावर ठेवून कडेकडेनं ठोकत बसवायचं. हे मी मळणीयंत्रावर शिकले. एकटीनं ते सरळ बसेना, तिरकं जायला लागलं. नवरा इतका वेळ नुसता उभा होता. तो खाली बसला आणि त्यानं ड्रम दोन्ही हातांनी दाबून धरला.

चाक चढवलं, पाने पुसून पाटावर परत ठेवले. ग्रीसचे डाग काही गेले नाहीत. सासूबाईंनी त्या डागांवरच नव्यानं कुंकू लावलं आणि बाधलं तर मला सांगू नको म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईला पुढच्या सीटवर बसवलं. पाटावरचा पाना उचलून डिकीत टाकला. काच खाली करून फाट्यापर्यंत कान देऊन गाडी चालवली. तिथं उतरून डाव्या चाकाच्या मध्यावर हात ठेवला. बेअरिंग नीट बसलं नसतं तर तापलं असतं; गार होतं. मग जालन्याचा रस्ता धरला.