पहिली गुंडी बाजूला ठेव

भुताखेतांच्या गोष्टी मी आजवर फक्त हसायला वाचल्या. डी.फार्म झालंय माझं, चंद्रपुरात एका मेडिकल स्टोअरच्या काउंटरवर असते... त्यामुळे मला जरा जास्तच कळतं, असं घरचे टोमणा मारतात. तरीही हे लिहितेय, कारण आठवलं की अजून अंगावर काटा येतो — आणि भीतीनं नाही, आनंदानं!

बाबा मूलजवळच्या आमच्या गावात तलावावर मासेमारी करतात; मी तिथूनच रोज ये-जा करते. मागच्या भादव्यात त्यांचं पोट फुगायला लागलं. हातपाय वाळलेले अन् पोट टम्म. पोटात पाणी झालं होतं. पूर्वी ते मोहाची दारू घ्यायचे. सोडून बरीच वर्षं झाली म्हणायचे, पण मी विश्वासच ठेवला नाही. लिव्हर गेलं, दुसरं काय असणार! त्यांच्या जेवणातलं मीठ मी बंद केलं, वर रोज तोंडसुख घेतलं ते वेगळंच. "तुमी चोरून घेता ना?" म्हटलं की ते नुसते भिंतीकडे बघत बसायचे. लाजेपायी नातेवाइकांत कोणालाही कळवलं नाही.

झोपलं की दम लागायला लागला तेव्हा चंद्रपुरात एका दवाखान्यात भरती केलं. सकाळी अकराच्या सुमाराला डॉक्टरांनी पोटात सुई घालून नळी जोडली. पिवळसर पाणी बाटलीत उतरू लागलं.

"हे तपासायला पाठवावं लागेल," डॉक्टर म्हणाले.

"दारूचंच आहे सर, कशाला उगाच?" मी मोठ्या दिमाखात बोलले. डॉक्टर "बघू" म्हणून दुसऱ्या पेशंटकडे गेले. बाबा भरत चाललेल्या बाटलीकडे टक लावून बघत होते.

आणि माझा फोन वाजला. सिरोंच्याहून आत्या — बाबांची धाकटी बहीण!

"पोरी, भाऊ तलावात जाळं टाकून राह्यला का?"

"नाई आत्या. काऊन?"

"मी इथी नदीवर मासोळी धुऊन राह्यली. आत्ताच भाऊचा आवाज आला, एकदम कानाजवळ. 'पहिली गुंडी बाजूले ठेव, फेकू नोको.' मले वाटलं मागंच उभा हाय. पन भादव्यात कोनी जाळं टाकते का? म्हनून तुले इचारलं."

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलेय. उन्हाळ्यात तलावात पहिलं जाळं पडायच्या आधी बाबा पितळी गुंडीभर, म्हणजे छोट्या कळशीभर, पाणी काढून पाळीवर, तलावाच्या बांधावर ठेवतात. गाळ खाली बसला की रंग बघतात, वास घेतात, मगच जाळं. ती गुंडी कोणी ओतली तर दिवसभर बोलत नाहीत त्याच्याशी.

मी वळून पाहिलं तर भरलेली पहिली बाटली घेऊन सिस्टर बेसिनकडे निघालेल्या... मी अक्षरशः धावले. "सिस्टर, ते फेकू नका!"

त्याच बाटलीतलं पाणी लॅबमध्ये गेलं. रिपोर्ट आला — हे लिव्हरचं पाणीच नाही! पोटाचा टीबी. पुढच्या तपासण्यांतही तेच निघालं. "संध्याकाळी ताप यायचा का?" डॉक्टरांनी विचारलं. यायचा. तोही मी दारूवर ढकलला होता. "हा बरा होतो," ते म्हणाले, अन् मी तिथेच, सगळ्यांसमोर, रडता रडता हसायला लागले.

सहा महिने गोळ्या चालल्या, एकही न चुकवता. पोट उतरलं, अंग भरलं, बाबा पुन्हा तलावावर! परवा मासोळीच्या रश्श्यात मीठ कमी आहे म्हणून मलाच ऐकवलं त्यांनी. तेव्हा मी विचारलं, "त्या दिवशी तुमी आत्याले आवाज देल्ला होता का?"

"नाई वो. मनात आलं होतं, पहिली गुंडी ठेवा म्हनावं... पन तू खेकसशील म्हनून बोललो नाई."

मनातलं वाक्य सिरोंच्यापर्यंत कसं पोचलं, ते मला माहीत नाही, आत्यालाही नाही. डॉक्टर योगायोग म्हणतात, म्हणोत. त्यांना ते पटत असेल, मला अजून पटलेलं नाही. एवढंच कळतं, की दोनशे किलोमीटरवर बहिणीला ऐकू आलं... अन् मी त्यांच्या उशाशीच उभी होते.