तंबूच्या कापडाचा धूर

गेल्या मार्चमध्ये एका सोमवारी, सकाळी साडेदहाच्या सुमारास, खडोलीतल्या एका रंगाई कारखान्याने आपला काही धूर लष्कराच्या नावावर केला. निर्णय तोंडी झाला. खोलीत तिघे होतो: प्लांट मॅनेजर, पर्यावरण विभाग सांभाळणारी इंजिनिअर आणि वार्षिक अहवालाची भाषा नीट करण्यासाठी सिल्वासाहून बोलावलेली मी. लष्कराकडून कोणीही हजर नव्हते.

कारखान्यात दोन प्रकारचे कापड रंगते. एक पडद्यांचे, ते परदेशी ग्राहकाकडे जाते. दुसरे तंबूचे, हिरवट, ते लष्कराला माल पुरवणाऱ्या व्यापाऱ्याकडे जाते. परदेशी ग्राहक दरवर्षी एक फॉर्म पाठवतो. वर्षभरात कारखान्याने किती कोळसा, वीज आणि डिझेल वापरले ते त्यात भरायचे असते. आकडा दरवर्षी थोडा तरी उतरावा अशी ग्राहकाची अपेक्षा असते. या वर्षी तो चढला होता, कारण तंबूंची ऑर्डर मोठी होती.

मॅनेजर पुण्याचे. वेळेचे पक्के, बोलायला मोकळे, आणि रविवारी मोबाइलवर आलेले लेख सोमवारी अमलात आणणारे. इंजिनिअर नाशिकची, पहिलीच नोकरी. तिचे प्रोबेशन एकतीस मार्चला संपणार होते. तिला कायम करायचे की नाही हे मॅनेजर ठरवणार होते, आणि फॉर्मवर पहिली सही तिची लागणार होती. आकडा खोटा निघाला तर नाव तिचेच खराब होणार होते.

"मॅडम, लष्कराचा धूर मोजायचाच नसतो," मॅनेजर म्हणाले. "आंतरराष्ट्रीय करारात सूट आहे. कालच वाचलं."

"सर, ती सूट लष्कराला आहे."

"मग आपले तंबू काय लग्नाला जातात?"

लेखातली माहिती सगळीच चुकीची नव्हती. हवामानबदलावरच्या क्योटो करारावेळी परदेशातल्या संयुक्त लष्करी मोहिमांचे इंधन देशांच्या आकड्यांबाहेर ठेवले गेले. पॅरिस करारानंतर सरसकट सूट उरली नाही, पण लष्कराचा धूर किती हे वेगळे सांगायचे की नाही, ते ज्या त्या देशावर सोडले. पॅरिसची बातमी आली तेव्हा मी एका दैनिकात उपसंपादक होते. हे वाक्य बातमीच्या शेवटी होते. जागा कमी पडली म्हणून मी ते कापले. त्यामुळे मॅनेजरांना ही गोष्ट इतक्या वर्षांनी मोबाइलवरून कळली, याचा थोडा दोष माझ्याकडे येतो.

सोमवारी फक्त तंबूच्या कापडाची रंगाई लष्कराकडे गेली. मंगळवारी जनरेटर गेला, कारण वीज गेली तेव्हा मशीनवर तंबूचे कापड होते. मग कँटीनचा गॅस गेला, कारण त्या पाळीतले कामगार तिथेच जेवले होते. रांधा आणि अथालहून माणसे आणणाऱ्या बसचे अर्धे डिझेलही बुधवारी सकाळी देशसेवेत दाखल झाले. दुपारच्या मसुद्यात पडद्यांचे कापड जवळजवळ उन्हातच रंगत होते.

आता बॉयलरच्या लॉगबुकात कोळसा दोन रकान्यांत लिहायचा होता. इंजिनिअर ते सांगायला गेली. मीही गेले. बॉयलर सांभाळणारे गृहस्थ धुळ्याकडचे, निवृत्तीला आलेले. त्यांनी कागद हातभर लांब धरून वाचला.

"ताई, बॉयलर एक, चिमणी एक. वाफ पाइपात गेली की माझा संबंध संपला. ती पुढे पडद्याला लागली का तंबूला, ते मला काय विचारता?"

तेवढ्यात मॅनेजर स्वतः तिथे आले आणि अंदाजाने लिहा म्हणाले. मग ते गृहस्थ अहिराणीत शिरले.

"साहेब, मनी भट्टीले काय समजस, कोनतं कापड लष्करनं शे ते?" आणि त्यांच्या तोंडाकडे पाहत, "पायजे तर अर्ध्या चिमणीले हिरवा रंग मारी देऊ."

मॅनेजर हसले. रकाने मात्र आखायला सांगून गेले.

गुरुवारी इंजिनिअरने मसुदा त्यांच्या टेबलावर परत ठेवला. "सर, हा आकडा असेल तर मी सही करणार नाही."

मॅनेजरांनी चष्मा काढला. तिचा भाऊ सैन्यात आहे, उत्तरेत उंचावरच्या एका चौकीवर आहे, हे त्यांना माहीत होते. दिवाळीत तिने आणलेले लाडू त्यांनी त्या कौतुकातच दोनदा घेतले होते.

"तुमचा सख्खा भाऊ तिकडे बर्फात बसलाय," ते म्हणाले, "आणि तुम्ही त्याच्या शेगडीचा धूर मोजायला निघालात?"

"सर, तो स्वतःच मोजतो. डिझेलचा ड्रम आला की उतरवून घेतो, सही करतो. रोज किती वापरलं ते लिहितो. एक लिटर इकडचं तिकडे झालं तर जाब द्यावा लागतो त्याला."

"मग झालं की. मोजलं ना?"

"तिथे मोजलं. पुढे जगाला कोणी सांगत नाही."

"सांगूच नये! शत्रू आकडा बघून ओळखेल, कुठे किती माणसं आहेत."

"चौकीचा नकाच सांगू, सर. सगळ्या देशाचा मिळून वर्षाचा एक आकडा सांगितला तर शत्रूला काय कळणार? आपल्याकडे थंडी पडते हे?"

"आज आकडा मागतील, उद्या शेगडी विझवा म्हणतील."

"माझी आई सिलिंडर लावला की कॅलेंडरवर तारीख लिहिते. तीस वर्षं लिहितेय. म्हणून काही आमच्या घरी स्वयंपाक बंद झाला नाही."

मॅनेजरांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिले. पाहून झाल्यावर विचारले, "तुमचं प्रोबेशन कधी संपतंय?"

"एकतीसला, सर."

"हं."

ती उभीच राहिली. म्हणाली की फॉर्म तपासणारी संस्था मुंबईत आहे, त्यांनाच विचारून घेऊ. मॅनेजरांना त्यात धोका दिसला नाही. त्यांनी ई-मेल स्वतः सांगितला, तिने टाइप केला. 'आंतरराष्ट्रीय करारांतील सर्वज्ञात सवलतीनुसार' अशी सुरुवात होती. मी 'सर्वज्ञात' काढायला सुचवले. त्यांनी ठेवायला सांगितले.

उत्तर शनिवारी आले. चार ओळींचे होते. ज्या सवलतीचा उल्लेख केला आहे ती देशांनी द्यायच्या माहितीबाबतची आणि लष्कराने स्वतः जाळलेल्या इंधनापुरती आहे. तंबूचे कापड रंगवणाऱ्या खाजगी बॉयलरला ती लागू होत नाही. कृपया कारखान्याचा एकूण वापर भरावा. चौथ्या ओळीत धन्यवाद होते.

मॅनेजरांनी ते दोनदा वाचले. "म्हणजे करार आपल्याला लागू नाही?"

"सूट लागू नाही, सर. फॉर्म लागू आहे."

"मी मुद्दा तत्त्वाचा मांडला होता," ते माझ्याकडे वळून म्हणाले. "हे तुमच्या लक्षात आलं असेल." आले होते. मग त्यांनी इंजिनिअरला लॉगबुक मागवायला सांगितले आणि दोघे कोळशाची बेरीज करायला बसले. बस, कँटीन, जनरेटर एकेक करून परत आले. दोन तास लागले. मधला चहा आला तेव्हा 'हा तेवढा तंबूच्या खात्यावर' असे मॅनेजर म्हणाले.

सोमवारी फॉर्म गेला. त्यात एकच आकडा होता, गेल्या वर्षीपेक्षा मोठा. शेऱ्याच्या जागी 'वाढ तंबूच्या कापडाच्या जादा उत्पादनामुळे' एवढे वाक्य होते. ते मी लिहिले. खाली दोन सह्या होत्या, पहिली इंजिनिअरची. ग्राहकाचे उत्तर हे लिहीपर्यंत आलेले नाही.

एकतीस मार्चला दुपारी चार वाजता इंजिनिअरला ऑफिसात बोलावून एक पाकीट देण्यात आले. तिने ते तिथेच उभ्या उभ्या उघडले. आत कायम नेमणुकीचे पत्र होते. खाली मॅनेजरांची सही होती आणि तारीख गुरुवारची होती, वाद झाला त्या दिवसाची.