टाचा टेकव

आईला हे माहीत नाही. शकुनला तर नाहीच. तुला का सांगतेय, ते मलाही नीट ठाऊक नाही — कदाचित तू तिला ओळखत नाहीस, म्हणून.

पोलाद कारखान्याच्या वसाहतीतल्या आमच्या सेक्टरमध्ये तेव्हा झाडं नव्हतीच, नुसती नवी क्वार्टर्स. मागच्या मोकळ्या जागेत चुन्याच्या रेघा मारून बॅडमिंटनचं कोर्ट केलं होतं. शकुन आणि मी रोज संध्याकाळी तिथे. तिचे वडील भट्टीवर, माझे ऑफिसात. ती हिंदी शाळेत, मी इंग्रजी. घरी दोघींचीही मराठी नागपूरकडचीच. पण तिनं आमच्याकडे पाणी मागितलं, की आई वेगळा पेला काढायची. मी कधी काही बोलले का? नाही. मला कबूल करायचंय ते मात्र दुसरंच आहे — निदान मी तसं समजते.

शिकवायला प्लांटमधले एक मद्रासी इंजिनिअर यायचे. आम्ही त्यांना अंकल म्हणायचो. हिंदी त्यांना जेमतेम यायची. ते इंग्रजीत बोलत आणि मी शकुनला मराठीत सांगे. त्या हिवाळ्यात त्यांचा घोटा प्लास्टरमध्ये होता, त्यामुळे सगळं खुर्चीत बसून, तोंडानंच.

नागपूरच्या सामन्यांना आमच्यातली एकच मुलगी जाणार होती. आणि शकुन माझ्याहून चांगली खेळायची.

एकदा अंकल म्हणाले, हिला सांग — दोन्ही पायांत खांद्यांपेक्षा जरा जास्त अंतर, गुडघे सैल, भार चवड्यांवर, टाचा हलक्या. मग कुठल्याही बाजूला पहिलं पाऊल लगेच सुटतं.

"काय म्हणून राहिले वो?" शकुननं विचारलं.

"पाय जवळ घे. टाचा टेकव. नाहीतर तोल जाते म्हणते अंकल."

इतकं सोपं होतं ते. माझा आवाजही कापला नाही.

ती तशीच उभी राहू लागली. शटल बाजूला आलं, की आधी तिला पाय सोडवून घ्यावे लागत, मग धावावं लागे — तोवर शटल जमिनीवर. अंकल चिडायचे, ही ऐकत का नाही? मी इंग्रजीत सांगितलं, तिला असंच बरं वाटतं, हट्टी आहे. आणि तिला सांगितलं, "अजून जवळ घे म्हणते."

"मंग तू कावून पाय फाकवून उभी राहते?"

"मी उंच आहे ना."

"हाव, उंटीणच हायेस तू," ती हसली. तिला खरं वाटलं. मी सांगितलं होतं ना — का नाही वाटणार?

नागपूरला मी गेले. निघताना ती म्हणाली, "माहे पायच जड हायेत. तू जिंकून ये." पहिल्याच सामन्यात मी हरले. अंकलची पुढे बदली झाली. ती हट्टी होती, असंच ते समजून गेले.

परवा कोर्टाजवळून जात होते. शकुन धाकट्या बहिणीला शिकवत होती. पोरगी पाय जुळवून, टाचा घट्ट टेकवून उभी — प्रत्येक शटल हुकत होतं.

"ताईले विचार," शकुन तिला म्हणाली. "तिनंच शिकवलं मले."

पोरीनं माझ्याकडे पाहिलं आणि पाय आणखी जवळ घेतले. मी मान डोलावली. घरी आले.