हांकेबाईंचं स्वर्गराज्य

मेटा थीसनच्या हातचा ब्यूडेल सगळ्या पंचक्रोशीत नावाजलेला होता. मैदा, अंडी, दूध आणि मूठभर मनुका एकत्र घोटायच्या, ते पीठ फडक्यात बांधायचं आणि उकळत्या पाण्यात सोडून द्यायचं. दुपारी फडकं सोडलं की डोक्याएवढा गोळा ताटात नुसता डुलायचा. बरोबर धुरी दिलेलं डुकराचं गालफड आणि चेरीचा गोड रस. चर्चच्या जेवणावळीत पाळक स्वतः विचारत यायचे, "यातला मेटाचा कोणता?" डिटमार्शन या समुद्रकाठच्या जर्मन मुलखातल्या त्या कोबी पिकवणाऱ्या गावात बाईमाणसाला याहून मोठा मान नव्हता.

घरात मात्र तो मान तिच्या वाट्याला आला नव्हता. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हापासून सासूबाई तिच्या हातचं जेवत होत्या आणि जेवण झालं की ताट सरकवून एकच शब्द बोलत होत्या, "चालेल." ब्यूडेल असो की वाटाण्याचं सूप, "चालेल." मेटाने एकदा नवऱ्यापाशी रडगाणं गायलं तेव्हा हिन्रिक म्हणाला, "अगं, आईचं चालेल म्हणजे दुसऱ्याचं वा वा!" तेवढ्यावर मेटाने मनाची समजूत घातली होती.

महायुद्ध संपलं आणि पुढच्या हिवाळ्यात पूर्वेकडून, सायलेशियातून हाकलून दिलेल्या जर्मन माणसांच्या गाड्या येऊ लागल्या. गावच्या कचेरीने घराघरांत माणसं वाटून दिली. थीसनांच्या माळ्यावर ओटीलिए हांके नावाची विधवा आणि तिचे दोन मुलगे आले. सामान म्हणजे एक गाठोडं आणि पिसांची एक उशी. माळ्यावर चूल नव्हती. त्यामुळे मेटाच्या चुलीची डावी बाजू हांकेबाईंची, असं ठरलं.

मेटा काही दुष्ट नव्हती. तिने बटाटे दिले, दूध दिलं, रविवारी पोरांना ब्यूडेलचा काप दिला, हिन्रिकचे जुने सदरे कापून शिवून दिले. गावात कितीतरी घरांत याहून वाईट चाललं होतं. हांकेबाई खाली मान घालून "आभारी आहे, थीसनबाई" म्हणायच्या आणि मेटाला आपण देवमाणूस असल्यासारखं वाटायचं.

शरदात डुक्कर कापलं. धुरीतून मांस उतरल्यावर मेटाने एक बरासा तुकडा माळ्यावर पाठवला. दुसऱ्या दिवशी चुलीच्या डाव्या बाजूने असा काही वास सुटला की गोठ्यातून हिन्रिक नाक वर करून आत आला. हांकेबाईंनी रस्त्याकडेला पडलेली नासपती आणि आलुबुखार गोळा करून वाळवून ठेवली होती. ती फळं आणि ते मांस एका पातेल्यात, वर लोण्यात भाजलेल्या पिठाचा दाटपणा, दालचिनीची चिमूट, आणि शेजारी पांढरेशुभ्र उकडीचे गोळे.

"याला काय म्हणतात?" हिन्रिकने विचारलं.

"आमच्याकडे स्वर्गराज्य म्हणतात," हांकेबाई लाजत म्हणाल्या.

स्वर्गराज्य! डुकराच्या मांसाला! मेटाला हसू आलं. पण हांकेबाईंनी मोठ्या माणसाचा मान म्हणून पहिला वाडगा सासूबाईंपुढे ठेवला आणि मेटाचं हसू जागच्या जागी विरलं. म्हातारीने वाडगा संपवला, पावाच्या तुकड्याने कडा पुसून घेतल्या, तो तुकडा खाल्ला आणि म्हणाली, "पुन्हा कधी करणार?"

इतकी वर्षं "चालेल" ऐकलेल्या बाईच्या पोटात त्या दिवशी जे दुखायला लागलं, ते काही केल्या थांबेना.

त्यानंतर मेटाचं लक्ष सारखं चुलीच्या डाव्या बाजूला. हांकेबाई पातेलं घेऊन खाली आल्या की ती म्हणायची, "आज मला दोन्ही बाजू लागतील."

"बरं, थीसनबाई. मी थांबते."

आणि त्या खरंच थांबायच्या. दाराशी, पातेलं पोटाशी धरून, तोंडातून ब्र न काढता. भांडल्या असत्या तर मेटाला बरं वाटलं असतं.

मग लेकही फितूर झाली. फ्राउके तेव्हा शाळेत जात होती. एका दुपारी ती ताटावर येईना.

"जेवायचं नाही का गं?"

"मी हांकेबाईंकडे जेवले."

"हांकेबाईंकडे म्हणजे कुठे? चूल माझी, पातेलं माझं, मांससुद्धा माझंच!"

"पण चव त्यांची ना, आई."

मेटाने हातातला डाव आपटला. तिचा धक्का लागून दुधाचं भांडं कलंडलं, आणि ते पुसायला धावत कोण आलं, तर हांकेबाई.

काही वर्षांनी गावाबाहेर निर्वासितांसाठी नवी वसाहत उठली आणि हांकेबाई मुलांना घेऊन तिकडे गेल्या. मेटाने त्यांना कोंबड्या दिल्या, खुर्च्या दिल्या, गाडीत सामानही स्वतः चढवलं. इतका उत्साह पाहून हिन्रिक मिशीत हसला. संध्याकाळी तिने आख्खी चूल घासून काढली आणि दोन्ही बाजूंवर दोन मोठी पातेली चढवली.

पण सासूबाई खंगत चालल्या होत्या. अंथरुणाला खिळल्यावर त्यांनी एकच हट्ट धरला, "ते फळांचं मांस दे." वसाहत दूर नव्हती, हांकेबाईंना निरोप धाडला असता तर त्या धावत आल्या असत्या. मेटाने निरोप धाडला नाही. इतकी वर्षं शेजारी उभी राहून पाहिलंय, मला काय येत नाही? तिने बाजारातून उत्तम सुके आलुबुखार आणले, मांसाचा सगळ्यात चांगला भाग घेतला, गोळे कापसासारखे हलके केले. मग वाडगा घेऊन ती पलंगाशी बसली आणि चमच्याने भरवू लागली.

म्हातारीने दोन घास घेतले. डोळे मिटून चव घोळवली.

"हे तू केलंस ना?"

"हो, आई."

"चालेल," सासूबाई म्हणाल्या आणि तोंड भिंतीकडे वळवलं.

वसंतात त्या गेल्या. दफनाच्या दिवशी हांकेबाई काळा रुमाल बांधून आल्या आणि ओक्साबोक्शी रडल्या. मेटाच्या डोळ्याला टिपूस आलं नाही. सासू माझी आणि रडते ही, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं.

पुढे फ्राउकेचं लग्न झालं. त्याच सुमारास गावच्या महिला मंडळाने ठरवलं की आपल्या भागातल्या घरगुती स्वयंपाकाच्या कृती गोळा करून छापायच्या. नव्या सुना डबाबंद सूप आणू लागल्या होत्या, जुनं सगळं विसरलं जाईल अशी भीती होती. हे काम मेटाकडे आलं. ती सायकलवरून घरोघर फिरली. कुणाचं कोबीचं लोणचं, कुणाची ईलमाशाची आमटी, कुणाच्या आजीचा ताकाचा काला. देताना बायका हातचं राखून सांगायच्या. मेटा स्वयंपाकघरात ठाण मांडून बसायची आणि राखलेलं काढून घ्यायची. तिची अट एकच होती. कृती अस्सल आपल्या मातीतली हवी. वसाहतीकडे तिची सायकल वळली नाही.

फ्राउकेने आपली कृती स्वतः आणून दिली. मेटाने वाचली आणि तिचा चेहरा उतरला.

"‘आमच्या घरचं स्वर्गराज्य’? आमच्या घरचं?"

"मग कुणाच्या? मी लहानपणी तेच खाऊन वाढले."

"तू ब्यूडेल खाऊन वाढलीस!"

"दोन्ही खाऊन वाढले. आणि आजीने शेवटी काय मागितलं होतं गं, आई? ब्यूडेल?"

मेटाने कागद उलटा करून ठेवला. फ्राउकेला आपण काय बोलून बसलो ते कळलं, पण शब्द सुटून गेला होता.

त्या रविवारी मेटा वसाहतीत गेली. मनात ठरवूनच निघाली होती की हांकेबाईंना तोंडावर सांगायचं, ही कृती छापता येणार नाही, ही इथली नाही. दार हांकेबाईंनीच उघडलं. केस पिकले होते. मेटाला पाहताच त्यांनी स्वयंपाकघराचं दार घाईने ओढून घेतलं, पण वास बाहेर आलाच. तो मेटाला झोपेतही ओळखता आला असता. उकडलेलं फडकं, मनुका, चेरी.

"तुम्ही ब्यूडेल करता?"

हांकेबाई कानशिलांपर्यंत लाल झाल्या. आतून त्यांचा थोरला, कोनराड, उंचापुरा झालेला, इथल्याच गावरान बोलीत ओरडला, "थीसनबाई! या, या! आज आमच्या आईने पुन्हा दगड उकडलाय!"

"हे असं आहे," हांकेबाई पुटपुटल्या. मग एकाएकी त्यांचा बांध फुटला. "माझ्या पोरांना माझं काही नको असतं. स्वर्गराज्य केलं की नाकं मुरडतात. ब्यूडेल कर म्हणतात. केला की म्हणतात, थीसनबाईंसारखा नाही झाला. दर रविवारी! तुम्ही आम्हाला दूध दिलंत, बटाटे दिलेत, सगळं मला मान्य आहे. पण माझी पोरंसुद्धा घेतलीत. तुमचा इतका हेवा केलाय मी थीसनबाई, देव मला क्षमा करो."

मेटा टेबलाशी बसली. हांकेबाईंनी एक काप तिच्यापुढे ठेवला. तो घट्ट होता, चिवट होता, खरंच दगड होता. पहिल्या घासाबरोबर मेटाच्या अंगातून जो आनंद सळसळत गेला, तो तिला पाळकांच्या कौतुकानेही कधी झाला नव्हता. तिने हळूहळू चावत सगळा काप संपवला.

"फडकं घट्ट बांधता का?"

"हो. सुटू नये म्हणून."

"तिथेच चुकतं. चार बोटं जागा सोडायची. पीठ फुगणार कुठे बिचारं?"

हांकेबाईंनी तोंडावर हात ठेवला. मग मेटानेच, खाली पाहत, विचारलं, "आणि तुमच्या त्यात? मी एकदा केलं होतं. साधलं नाही."

"फळं भिजवलेलं पाणी काय केलंत?"

"फेकलं."

"अहो, सगळी चव त्या पाण्यात! मांस त्यातच शिजवायचं."

मेटाला तो पलंग दिसला, भिंतीकडे वळलेलं तोंड दिसलं. एक निरोप धाडायचा होता फक्त. आता मात्र तिच्या डोळ्यांना धार लागली. हांकेबाईंना वाटलं, ब्यूडेल घशात अडकला. त्या पाणी आणायला धावल्या.

दोन्ही कृती छापून आल्या. स्वर्गराज्याखाली मेटाने हांकेबाईंचं पूर्ण नाव घातलं आणि सायलेशियातल्या त्यांच्या गावाचंही. मंडळातल्या एकदोघींनी कुरकुर केली; मेटाने त्यांना उडवून लावलं.

म्हणून काही जळफळाट संपला नाही. पुस्तिका निघाली त्या दिवशी मंडळाने मोठं जेवण घातलं. दोघींची पातेली शेजारी शेजारी मांडली होती. हांकेबाईंचं आधी रिकामं झालं. मेटा ते दुरून पाहत होती, आणि हिन्रिकही तिकडेच रांगेत उभा आहे हे तिने बरोबर टिपलं. तेवढ्यात कोनराड तिच्यासमोर ताट घेऊन आला. तिसऱ्यांदा. पलीकडून हांकेबाई लेकाकडे बघत होत्या, ओठ घट्ट मिटून.

मेटाने ते पाहिलं. सगळ्यात मोठा काप उचलला, त्याच्या ताटात घातला, वर भरपूर चेरीचा रस ओतला आणि हांकेबाईंना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "खा रे बाळा. लाजू नकोस, अजून आहे."